शिष्टमंडळ मुंबईला निघताना

कोल्हापूरसाठी सरकारकडं काही मागायचं मनात असेल, तर आधी एवढं बघा की मागणी लवकर मान्य होण्यातली नको. मान्य झाली की कृती समिती मोडीत निघते, आणि मग निमंत्रकांनी संध्याकाळी जायचं कुठं? मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर खंडपीठाचंच घ्या. चार दशकं वकील रस्त्यावर उतरत राहिले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरूच झालं की! नशीब, कायमचं खंडपीठ अजून बाकी आहे. जुनं निवेदन थोडं खाडाखोड करून चालेल.

शहराच्या हद्दवाढीची मागणी मात्र टिकाऊ. डिसेंबर १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, हद्द राहिली तिथंच, ६६.८२ चौरस किलोमीटर. या मागणीला पथ्य एकच. शहरातल्या बैठकीत मूठ आवळून 'हद्दवाढ झालीच पाहिजे' म्हणायचं. तिथून शहराला लागूनच्या पाचगाव, उचगावला जेवायला जायचं, आणि घरफाळा वाढेल, शेतीवर आरक्षण पडेल म्हणणाऱ्यांच्या सुरात सूर मिसळायचा. टाळ्या दोन्हीकडं. 'आधी तुमच्यात एकमत करा' हे उत्तर मुंबईत मिळणारच आहे, ते इथूनच टाइप करून नेलंत तर साहेबांचा वेळ वाचेल. २०१७ मध्ये सरकारनं हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं नागरी विकास प्राधिकरण दिलं. पंगतीत तांबडा रस्सा मागावा आणि वाढप्यानं मीठ वाढून पुढं जावं, तसं. आपण तेही चाटून खाल्लं.

पंचगंगेचा विषय पावसाळ्यातच काढा. २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला की अलमट्टीकडं बोट दाखवता येतं. धरण कर्नाटकात असल्यामुळं आपल्या मंत्र्यांनाही आवाज चढवायला संकोच वाटत नाही. पूररेषेत भराव कुणी टाकले, हे मात्र विचारू नका. शिष्टमंडळातली निम्मी माणसं खाली बघायला लागतील. पंचगंगेत मिसळणारं जयंती नाल्याचं सांडपाणी यादीत शेवटी टाका. त्याला फोटो चांगला येत नाही.

आणि पैशाचं तर तोंडातून काढूच नका. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आता भरपाईच्या अनुदानाची वाट बघत बसायचं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांसाठी १८ विषयांची यादी घटनेत घातली. ते विषय पैशासकट आमच्या हवाली करा, असं कुणी बोललं आणि सरकारनं चुकून ऐकलं, तर हिशेब आपल्यालाच द्यावा लागेल! मधली पाच वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. शिष्टमंडळांचं काही अडलं का?

तेव्हा गुळाची ढेप घ्या, फेटे घ्या, निवेदनाच्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. फोटोत निवेदन देणाऱ्या हातापेक्षा आपला चेहरा ठळक येऊ दे. दुसऱ्या दिवशी 'सरकार सकारात्मक' असं छापून आलं की झालं. आणि 'सकारात्मक म्हणजे कुठल्या तारखेला?' असं विचारणारा एखादा पोरगा सोबत येतो म्हणाला, तर त्याला सांगा, गाडीत जागा नाही.