हातात किती पडतात?

चौतीस वर्षं मी लोकांच्या पगाराची बिलं तपासली. फोंड्याहून पणजीला कदंबने जायचं, दिवसभर लाल पेनने दुसऱ्यांचे हिशोब खोडायचे आणि संध्याकाळी परत. कुणाचा जीपीएफ किती कापला, कुणाचं इन्क्रिमेंट अडकलंय, कुणाच्या घराच्या लोनचे किती हप्ते राहिलेत, सगळं तोंडपाठ असायचं, इतकं की लग्नात कुणी भेटला तर आधी त्याचा बेसिक आठवायचा आणि मग नाव. त्यामुळे लेकीने इंग्लंडहून आपली पहिली पेस्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि खाली 'बाबा, हे काय ते बघून सांगा ना' असं लिहिलं तेव्हा मला जाम बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारत नव्हतं हो. आमची ही विचारते, पण ते 'गॅस बंद केलात का' या टाइपचं.

लेक तिकडे एमएस्सीला गेली, ती झाली आणि 2024 च्या सप्टेंबरात तिथेच नोकरीला लागली. पगार वर्षाला तीस हजार पौंड, म्हणजे महिन्याला अडीच हजार. आता गोव्यात पौंडाचं कुणाला काय सांगायला लागत नाही, प्रत्येक वाड्यावरचं कोण ना कोण तिकडे आहेच, त्यामुळे शंभरने गुणायला आमच्याकडे शाळेत जायच्या आधी येतं. सकाळी मी पातळभाजी आणि उंडे खायला ज्या हॉटेलात जातो तिथे हा अडीच लाखाचा आकडा माझ्या आधी पोचलेला. गल्ल्यावरचा म्हणाला, "आतां तुमकां कितें मरे!" मी नम्रपणे चहा प्यायलो.

तर ती पेस्लिप. आमच्या खात्यातली स्लिप म्हणजे कसं, डीए, एचआरए, टीए, सगळं एकाखाली एक, बघितल्यावर वाटायचं की माणूस काहीतरी कमावतोय. इथे एक पानभर पांढरा कागद आणि त्यावर चार ओळी. ग्रॉस 2500. टॅक्स 500. एनआय 116.16. पेन्शन 79.20. हातात 1804.64. मी चष्मा पुसला. परत बघितलं. 695 पौंड कापले! शंभरने गुणलं आणि खुर्चीत बसलो. बेरीज चालू होती तोपर्यंत शंभरने गुणायला गंमत येत होती, वजाबाकीत फार लागतं ते.

म्हटलं एक एक ओळ घेऊ. आधी एनआय, म्हणजे नॅशनल इन्शुरन्स. हे सोपं होतं. मी लेकीला विचारलं, पॉलिसी नंबर काय, मॅच्युरिटी कधी आणि नॉमिनी कुणाला केलंस? ती म्हणाली, "बाबा, नॉमिनी नसतो त्यात." नॉमिनी नसलेला इन्शुरन्स मी जन्मात ऐकला नव्हता. मग तिने समजावलं की नाव इन्शुरन्स असलं तरी ते टॅक्ससारखंच कापतात, महिन्याला 1048 पौंडांपर्यंत काही नाही, त्याच्या वरच्या रकमेवर आठ टक्के. मी म्हटलं बरं, मग मिळतं काय त्यातून? तर म्हणे निदान दहा वर्षं भरलं तर सरकारी पेन्शन थोडीफार, पस्तीस वर्षं भरलं तर पूर्ण, आणि तीही आजच्या कायद्याने तिला अडुसष्टाव्या वर्षी. व्हिसाबरोबर आरोग्याचा सरचार्ज भरला होता तो या इन्शुरन्समध्ये धरतात का, हेही मी विचारलं. नाही धरत. तो वेगळा.

पेन्शनची ओळ त्याहून गमतीची. सरकारी पेन्शनला पैसे एनआयमधून जातात, मग ही कुठली पेन्शन? ही म्हणे कंपनीची. बावीस वर्षांच्या वरचा असलास आणि वर्षाला दहा हजार पौंडांवर कमावत असलास तर न विचारता आपोआप घालतात तुला त्यात, नको असेल तर तूच बाहेर पडायचं. तिच्या पगारातून 79.20 गेले, त्यात सरकारने 19.80 घातले, कंपनीने 59.40. हे मला आवडलं. मी तिला स्पष्ट सांगितलं, बाहेर पडायचं नाही हां. गोव्यातला माणूस आणि पेन्शन सोडतो?

राहिला टॅक्स. पाचशे. पूर्ण पाचशे, खाली पैसा-पेनी काही नाही, आणि बिलं तपासणाऱ्याला असा गोल आकडा दिसला की त्याचा हात आपोआप लाल पेनकडे जातो. मी रात्री जागून सगळं वाचून काढलं. तिकडे वर्षाला 12,570 पौंडांपर्यंत टॅक्स नाही, त्याच्या वर 50,270 पर्यंत वीस टक्के. तीस हजारातून 12,570 गेले, राहिले 17,430, त्याचे वीस टक्के 3486, भागिले बारा, 290 आणि वर थोडे. मग पाचशे कसे? दर महिन्याला दोनशे पौंड जास्त! सापडलं. चौतीस वर्षांच्या अनुभवाने इंग्रजांची चोरी पकडली.

त्यानंतरचे काही दिवस मी घरात इंग्रजांशिवाय दुसऱ्या कुणाबद्दल बोललो नाही. त्यांचं टॅक्सचं वर्ष म्हणे 6 एप्रिलला सुरू होतं. का? तर 1752 साली त्यांनी कॅलेंडर बदललं, अकरा दिवस गायब झाले, आणि 25 मार्चला सुरू होणारा हिशोब तसाच पुढे सरकला. अरे, पोर्तुगालने हेच कॅलेंडर 1582 सालीच घेतलेलं, तुम्ही एकशे सत्तर वर्षं काय करत होता? आणि इन्कम टॅक्स मुळात त्यांनी 1799 साली फ्रान्सशी लढाई होती म्हणून तात्पुरता लावला. तात्पुरता! अजूनही तो कागदावर दरवर्षी 5 एप्रिलला संपतो आणि पार्लमेंट त्याला परत चालू करतं. आमच्याकडे रोजंदारीवरचा माणूस वीस वर्षं हंगामी असतो तसं. ते ऐकून मला इंग्रजांबद्दल पहिल्यांदा थोडी आपुलकी वाटली.

ऑक्टोबरची स्लिप आली. परत पाचशे. या वेळी मला कोपऱ्यात एक बारीक अक्षर दिसलं, टॅक्स कोड: बीआर. वाचलेलं त्यात सगळीकडे कोड 1257एल असा होता, तो त्या 12,570 वरून आलेला, मग हा बीआर कोण? मी म्हटलं ब्रिटिश रेसिडेंट. हॉटेलात एकाने बॅचलर रेट असणार असं सांगितलं, लग्न झालं की कमी होईल म्हणाला. यावर बराच विचार झाला, कारण आमच्या गोव्यात लग्नाचा आणि टॅक्सचा खरंच संबंध आहे, पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे आमचं नवरा-बायकोचं उत्पन्न अर्धं अर्धं धरतात, 1961 च्या आयकर कायद्यात त्याला 5अ असं वेगळं कलमच होतं. फक्त पगार सोडून. पगार ज्याचा त्याचा. आमच्या खोलीचं भाडं आणि एफडीचं व्याज मी दरवर्षी रिटर्नमध्ये दोघांत वाटतो आणि दरवर्षी ही विचारते, "म्हणजे पगार आणि पेन्शन तेवढी तुमची आणि बाकीच्यात अर्धे तुम्ही?" दरवर्षी मी विषय बदलतो.

शेवटी लेकीने आपल्या ऑफिसात पगाराचं बघणाऱ्या बाईंना विचारलं आणि रात्री व्हिडिओ कॉल केला. तिचा आवाज फार शांत होता. शांत आवाज हा तिने आईकडून घेतलाय.

"बाबा, बीआर म्हणजे बेसिक रेट. पहिल्या पौंडापासून वीस टक्के, सूट शून्य. ज्याची दुसरी नोकरी किंवा पेन्शन चालू असते त्याला लावतात, कारण सूट तिकडे वापरलेली असते."

"पण तुझी कुठे आहे दुसरी नोकरी?"

"जॉइन होताना फॉर्म होता बघा. ए, बी, सी, त्यातलं एक टिक करायचं. सी म्हणजे, मला दुसरी नोकरी आहे किंवा पेन्शन मिळते."

"मग तू सी कशाला केलंस?"

पलीकडे कोण काही बोललं नाही. आणि मग मला आठवलं. चवथीचा आदला दिवस. मी स्टुलावर चढून गणपतीच्या वरची फळाफुलांची माटोळी बांधतोय, एका हातात आंबाड्यांचा घोस, दुसऱ्या हातात काथ्या, ही खाली चिबूड घेऊन उभी, आणि फोन खुर्चीवर स्पीकरवर. लेक घाईत, तिची लंच टाइम संपत आलेली. "बाबा, पेन्शन आहे का विचारतायत." आणि मी वरून, छपराकडे बघत, चौतीस वर्षांच्या अधिकाराने सांगितलेलं की पणजीच्या कंपनीत तुझा पीएफ कापायचे ना, त्यात मालकाच्या बारा टक्क्यांतले 8.33 पेन्शन स्कीमला जातात, म्हणजे पेन्शन आहेच, परक्या देशात काय लपवायचं नाही, सी टिक कर.

ती पेन्शन तिला मिळायला अजून तीस वर्षं आहेत हे मी सांगितलं नव्हतं. आंबाडे सटकत होते.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "बीआर म्हणजे बाबांचं राज्य."

लेकीने पोर्टलवर जाऊन दुरुस्ती केली, आणि नोव्हेंबरला हातात आले 3304.64. ग्रॉस अडीच हजार आणि नेट तेहेतीसशे! असं बिल माझ्यासमोर आलं असतं तर मी कारकुनाला उभा केला असता. मी तिला सांगितलं, यातल्या एका पेनीला हात लावू नकोस, जास्त गेलेल्या पैशाचं रिकव्हरी मेमो येणार, सरकार कुठलंही असो. पण चूक नव्हती ती. तिकडचा टॅक्स म्हणजे आपल्या अर्जित रजेसारखा आहे, दर महिन्याला साधारण 1048 पौंडांची सूट खात्यात जमा होते, आणि लेकीने एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत काही कमावलंच नव्हतं, त्यामुळे पाच महिन्यांची सूट न वापरता पडून होती. नोव्हेंबरपर्यंत आठ महिन्यांची सूट 8380 आणि पगार झालेला 7500. म्हणजे टॅक्स शून्य, कापलेले हजारच्या हजार परत. हे मला कुणी पहिल्याच दिवशी रजेच्या भाषेत सांगितलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं. फक्त ही रजा 5 एप्रिलला लॅप्स होते, एन्कॅशमेंट नाही.

डिसेंबरला शंभर-सव्वाशेचा टॅक्स लागला, जानेवारीपासून तो 290 वर स्थिर झाला आणि हातात दोन हजारांच्या वर थोडे यायला लागले. हॉटेलात मात्र बातमी अशी की लेकीचा पगार आधी वाढला आणि मग साहेबांशी काहीतरी बिनसलं. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, चहा गार झाला.

आणि एवढं सगळं होऊन तिकडच्या बहुतेक पगारदारांना रिटर्न भरावाच लागत नाही. जानेवारीत एलआयसीच्या पावत्या गोळा करणं नाही, भाड्याच्या रिसीट मागणं नाही, फेब्रुवारीचा अर्धा पगार टीडीएसमध्ये जाऊन मार्चला उधारी नाही. मेमध्ये फक्त एक कागद येतो, पी60, आपल्या फॉर्म 16 सारखा. मी त्याची प्रिंट काढून पंच करून फाइलला लावली.

गेल्या आठवड्यात शेजारचा पोरगा आला. त्यालाही तिकडे नोकरी लागलीय. मोबाईल पुढे केला, म्हणाला, "काका, तुम्ही अकाउंट्सवाले ना, हा ए, बी, सी वाला फॉर्म जरा बघता?" मी चष्मा लावला, खुर्ची ओढली, घसा साफ केला.

"अहो," ही आतून म्हणाली, "तुम्ही त्याला पाणी द्या. मी पोरीला फोन लावते."