‘मुंग्या पाळा, काहीच करावं लागत नाही’: खरंच का?

सुट्ट्या लागल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. कुत्र्या-मांजराचा व्याप नको असेल तर मुलांना मुंग्या पाळू द्या, असा त्याचा सूर. निळ्या जेलची डबी मागवा, अंगणातल्या वीस-पंचवीस मुंग्या आत सोडा, झाली वसाहत. अन्नपाणी जेलमध्येच असतं. राणी लागत नाही, मुंग्या आपल्यातूनच एक निवडतात. फार तर वरून चिमूटभर साखर टाका. आणि कंटाळा आला की बागेत सोडून द्या.

मुंग्या घरात पाळता येतात, खर्चही किरकोळ येतो, इथपर्यंत माझं काही भांडण नाही. पुढचं जवळपास प्रत्येक वाक्य मात्र मुंग्यांच्या मुळावर येणारं आहे.

‘वीस-पंचवीस मुंग्या सोडल्या की वसाहत’

अंगणात दिसणाऱ्या मुंग्या म्हणजे कामकरी माद्या, आणि त्यातही बहुतेक म्हाताऱ्या. तरुण कामकरी आत राहून अंडी-अळ्यांची उस्तवार करतात. बाहेर चरायला जाणं हे धोक्याचं काम, ते वय झालेल्यांकडे येतं. म्हणजे चिमटीत सापडतात त्या नेमक्या थोडं आयुष्य उरलेल्या. त्या डब्यात चार दिवस बोगदे खणतात, मुलं खूश होतात, आणि मग एकेक करून मरतात. मुलांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

हा धंदा जुना आहे. अमेरिकेत मिल्टन लेव्हिन यांनी 1956 साली ‘अँट फार्म’ नावाचं खेळणं बाजारात आणलं. त्यासाठी टपालाने मुंग्या यायच्या, पण राणीविना. परवान्याशिवाय राण्या एका राज्यातून दुसऱ्यात पाठवायला तिथे बंदी आहे. जेलची गोष्ट त्यानंतरची. 2003 मध्ये कोलंबिया यानातून मुंग्या अवकाशात गेल्या होत्या, त्याचा दाखला देऊन जेलच्या डब्या विकल्या जातात. ती मोहीम सोळा दिवसांची होती. वसाहतीचा हिशेब वर्षांचा असतो. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसाच्या देखरेखीखाली 28 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे.

‘राणी नसली तर नवी निवडतात’

ही मधमाश्यांकडून उसनी आणलेली समजूत आहे. महाबळेश्वरच्या कुठल्याही मधपाळाला विचारा. राणी गेली तर कामकरी माश्या कोवळ्या अळीला वेगळा खुराक देऊन नवी राणी वाढवतात, ती बाहेर उडून नरांशी मीलन करून परत येते, पेटी पुन्हा सुरू. मुंग्यांमध्ये सहसा असं होत नाही. राणी आयुष्यात एकदाच, पंख असताना, मीलन करते आणि ते शुक्राणू जन्मभर पुरवून वापरते. ती मेली की वसाहतीची उलटी गिनती सुरू.

फसगत होते ती अशी: राणी गेल्यावर बऱ्याच जातींत कामकरी स्वतः अंडी घालायला लागतात. अळ्या दिसतात, पाळणारा म्हणतो, बघा, चाललंय की! पण फलन न झालेल्या त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. नर काम करत नाहीत.

अपवाद आहेत, आणि ते आपल्याच देशात आहेत, म्हणून त्यांच्यावर थोडं थांबतो. डायकॅमा या मुंगीत राणी असा वेगळा प्रकारच उरलेला नाही. कामकऱ्यांपैकी एक मीलन करते आणि अंडी घालते. बाकीच्या जन्मल्या की त्यांच्या पाठीवरचे दोन इवले अवयव कुरतडले जातात आणि त्यांची मीलनाची शक्यता तिथेच संपते. पश्चिम घाटातली उडी मारणारी हार्पेग्नॅथोस तर राणी मेल्यावर मिशांनी द्वंद्वं खेळते, कित्येक दिवस. जिंकणाऱ्या कामकरी अंडी घालू लागतात आणि त्यांचा मेंदू चक्क आकसतो. मजकूर लिहिणाऱ्याला हे ठाऊक असेल असं वाटत नाही, पण असलं तरी ओट्याखालच्या लाल मुंग्यांना ते लागू होत नाही.

‘मग पावसात दिव्याभोवती येणारे पंखवाले धरा’

मजकुराखाली हा सल्ला कुणीतरी देतंच. पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली पंखांचा सडा पडतो, तो बहुधा वाळवीचा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशांना कोपर. लाकडी कपाट असलेल्या घरात ही ओळख आधी पटवून घेतलेली बरी.

मुंगळ्याची राणी मिळाली, पंख गळलेली, तर कृती सोपी आहे. टेस्ट ट्यूबमध्ये तळाला पाणी, मग कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाला पुन्हा कापूस, आणि नळी अंधारात. पहिली पिढी बाहेर पडेपर्यंत तिला खायला लागत नाही. पंखांचे निकामी झालेले स्नायू आणि अंगातली चरबी यांवरच ती पहिल्या अळ्या पोसते. रोज टॉर्च मारून बघितलं तर मात्र बिथरून आपलीच अंडी खाते. साधारण महिनाभराने नळीत तांदळाच्या दाण्यासारखे पिवळट कोष दिसतात. लोक ‘मुंगीची अंडी’ म्हणून दाखवतात ते हेच, खरी अंडी त्याहून कितीतरी बारीक. कोषाच्या एका टोकाला काळा ठिपका असतो, ती अळीने साठवून एकदम टाकलेली विष्ठा. पहिल्या मुंग्यांना कोषातून बाहेर यायला राणी स्वतः कोष फाडून मदत करते. त्या पोरी आईच्या मानाने अगदीच किरट्या असतात.

‘साखर पुरते’

मोठ्या मुंगीला पुरते, अळीला नाही. अळी वाढायला प्रथिनं लागतात. नुसत्या साखरपाण्यावर वसाहत जिवंत दिसते, पण अळ्या तेवढ्याच राहतात आणि शेवटी मुंग्या त्या खाऊन टाकतात. मेलेली माशी, झुरळाचा पाय, उकडलेल्या अंड्याचा कण, एवढं पुष्कळ झालं. घट्ट घास मोठ्या मुंगीला गिळता येत नाही. ती त्याचा रस शोषते, तुकडा अळीपुढे ठेवते. रस पोटातल्या वेगळ्या पिशवीत साठवून ती तोंडातोंडी वाटते, म्हणून एकीने खाल्लेलं विष सगळ्यांत पसरतं. फवारणी झालेल्या घरातलं झुरळ त्यांना चुकूनही देऊ नका. शेल्फच्या कडेला मुंग्या मारायचा खडू ओढणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं, त्यांनाही आधी सांगून ठेवा.

‘मुंग्याच त्या, कुठूनही आणा, कुठेही सोडा’

एप्रिल 2025 मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांकडे सुमारे पाच हजार मुंग्या सापडल्या, मेसोर सेफालोटिस या जातीच्या राण्या, कापूस लावलेल्या नळ्यांमध्ये भरलेल्या. युरोप-आशियातल्या छंदवाल्यांना विकण्यासाठी. मे महिन्यात न्यायालयाने दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा वर्षभर कैद सुनावली. आपल्याकडेही 2002 चा जैवविविधता कायदा आहे. परदेशी नागरिकांना, आणि अनिवासी भारतीयांनाही, संशोधनासाठी वा व्यापारासाठी इथले जीव घ्यायला परवानगी लागते. सुट्टीत आलेल्या भाच्याने चार नळ्या बॅगेत टाकून न्याव्यात आणि तिकडे विकाव्यात, इतकं ते साधं नाही.

सोडण्याचं म्हणाल तर हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या पिवळ्या ‘वेड्या’ मुंगीने कोट्यवधी लाल खेकडे मारले. ऑनलाइन मागवलेली परदेशी वसाहत म्हणूनच बागेत कधीही सोडू नये. नकोशी झाली तर फ्रीजरमध्ये ठेवून संपवावी, ऐकायला कितीही वाईट वाटलं तरी. अंगणातच सापडलेली मुंगळ्याची राणी मात्र त्याच अंगणात, पाऊस पडून माती मऊ झाल्यावर, बिनधास्त परत सोडा.