बाबांची चप्पल आणि बाकीची कारणं

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय. एका वर्गमित्राच्या मुलाला एमडी, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीपायी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावं लागलं, ही बातमी तिसऱ्यानेच टाकली (त्या बापाला विचारून टाकली असेल असं वाटत नाही) आणि मग काय, सुरू. आईबाप दोघं नोकरीवर, संस्कार कोण करणार. हॉस्टेलला ठेवलं तिथेच चुकलं. संगत वाईट. आमच्या वेळी बाबांची एक चप्पल पुरायची. दुसरी पार्टी म्हणते दोष सरकारचा, फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीत शेकडो किलो एमडी सापडतं म्हणजे पोरं बिघडणारच, विकणाऱ्यांना लटकवा आणि सगळं बंद करा.

मी राहते ओहायोत, कोलंबसला. आमच्या लायब्ररीत आग विझवायच्या सिलिंडरशेजारी भिंतीवर एक पेटी आहे, तिच्यात नाकात मारायचा नार्कनचा स्प्रे असतो, कोणी ओव्हरडोस होऊन पडलं तर द्यायला. लहान मुलांच्या गोष्टींच्या कपाटापासून दहा पावलांवर. हे रोज बघून बघून ग्रुपमधल्या दोन्ही पार्ट्यांचं काही पटेनासं झालंय.

आधी चपलेचं बोलू. सॅन डिएगोत १९९०च्या दशकात डॉ. फेलिटी आणि डॉ. आंडा यांनी हजारो लोकांना लहानपणाबद्दल विचारलं, घरात मारहाण व्हायची का, अपमान व्हायचा का, आईला कोणी मारायचं का, घरात कोणी दारुडं होतं का, लैंगिक अत्याचार झाला का वगैरे. १९९८ साली छापलेल्या निष्कर्षात असं दिसलं की ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा जास्त प्रकार आले होते त्यांच्यात दारूच्या व्यसनाचं प्रमाण, असलं काहीच न घडलेल्यांच्या सात पट होतं, आणि सुईने ड्रग घेतलेल्यांचं तर दहा पट. ही माणसं फुटपाथवरची नव्हेत बरं का, आरोग्यविमा असलेली, बरीचशी कॉलेज शिकलेली, म्हणजे आपल्यासारखीच. आमच्या ग्रुपने जो उपाय सांगितला तो या यादीत कारणांच्या बाजूला आहे! अर्थात बाबांची चप्पल खाऊनही आपल्यातले बहुतेक जण धड राहिले, हे खरंच आहे, धोका वाढतो म्हणजे नशिबात लिहिलं जातं असं नाही. शिवाय दारूच्या बाबतीत निम्म्याच्या आसपास वाटा अनुवंशिकतेचा, वर न ओळखलेलं डिप्रेशन, एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार), कायमची धाकधूक, हे एकमेकांवर चढत जातं. पण 'धाक कमी पडला' हे निदान म्हणून मला अगदीच बिनबुडाचं वाटतं.

त्याच्या उलट टोकही आलंय आता पुण्या-मुंबईत. बाहेर लपून पिण्यापेक्षा घरात आमच्यासमोर घे, म्हणून चौदा-पंधराच्या पोराला बियर. मॉडर्न बाबा. इथल्या एका मोठ्या पाहणीत, १९९७ची आहे, पंधराच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे कधी ना कधी दारूच्या आहारी गेलेले निघाले, विशीनंतर सुरू केलेल्यांत दहाच्या आसपास. लवकर सुरुवात हेच एकमेव कारण असं त्यातून सिद्ध होत नाही, पण घाई कसली आहे?

आता बंदीवाले. आमच्या राज्याच्या दक्षिणेला नदीकाठी पोर्ट्समथ नावाचं गाव आहे, एकेकाळी बुटांचे कारखाने, स्टीलची मिल, सगळं होतं, ते बंद पडलं आणि कमरेत दुखणारी, हाताला काम नसलेली माणसं उरली. रविवारी चर्चला जाणारी, म्हणजे संस्कार भरपूर. १९९६ला ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आली, व्यसनाचा धोका कमी आहे असं डॉक्टरांना सांगून खपवली गेली (कंपनीने २००७ मध्ये कोर्टात ही दिशाभूल कबूल केली) आणि त्या गावात पैसे घेऊन गोळ्या लिहून देणारी क्लिनिकं उभी राहिली. २०११च्या कायद्याने ती बंद केली, करायलाच हवी होती. पण माणसं तीच, दुखणं तेच, मग हेरॉइन आलं आणि त्यामागून त्याहूनही जहाल फेंटानिल, आणि २०२१ मध्ये देशभरात ओव्हरडोसने लाखावर माणसं गेली. माल सहज मिळणं हे कारण आहेच, नाकारत नाही. पण आपल्याकडे गुटखा २०१२ पासून बंद आहे, जरा कोपऱ्यावरच्या टपरीवर विचारून बघा.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारं उदाहरण व्हिएतनामचं. १९७१ मध्ये तिथल्या दर पाच अमेरिकन सैनिकांतला साधारण एक हेरॉइनच्या नादी लागला होता. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी ते परतल्यावर पाठपुरावा केला तर वर्षभरात पुन्हा व्यसनात अडकलेले त्यांच्यातले पाचेक टक्केच. इच्छाशक्ती काय विमानात वाटली? जागा बदलली, भीती गेली, सोबतचे बदलले, घर मिळालं.

आणि जागा बदलल्याने उलटंही होतं, ते आम्हा इथल्या मराठी लोकांत दिसतं. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावरची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा, गावाकडे सांगायची सोय नाही कारण सगळ्यांना वाटतं पोरगा डॉलर छापतोय, हिवाळ्यात पाचलाच अंधार, शेजाऱ्याचं नाव माहीत नाही. गराजमध्ये एकट्याने रिचवलेल्या बाटल्या रिसायकलच्या डब्यात पेपराखाली दडवणारे चांगले संस्कारी लोक आहेत, पहाटे रामरक्षा म्हणणारे. डिपेंडंट व्हिसावर घरी बसलेल्या बायकांच्या झोपेच्या गोळ्यांबद्दल तर कोणी बोलतच नाही.

इथे केंद्रांची, औषधांची सोय पुष्कळ, पण विमा जेवढ्या दिवसांचे उपचार देतो तेवढे संपले की माणूस त्याच रिकाम्या अपार्टमेंटमध्ये परत. या बाबतीत आपलं बरं आहे असं मी प्रामाणिकपणे म्हणते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट या पतिपत्नींनी १९८६ला पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बायकोला, आईबापांनाही सोबत घेऊन काम चालतं, आणि घरी परतल्यावर चहाला हाक मारणारे चार जण अजून तरी असतात. फक्त तेच चार जण पुढे स्थळ बघताना विचारतात, मुलगा मधे सहा महिने कुठे होता हो?