‘लायसन्सच्या भानगडीत पडू नका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की आमच्या गोव्यातल्या वाड्यावरच्या ग्रुपमध्ये एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: वादळात मोबाइल बंद पडले तर हॅम रेडिओच (हौशी माणसांनी लायसन्स घेऊन चालवायचा बिनतारी संच) कामाला येतो, पण त्याचं लायसन्स सामान्य माणसाला मिळत नाही. मोर्स कोड (आखूड-लांब आवाजांतून अक्षरं पाठवण्याची पद्धत) लागतो, दिल्लीच्या खेपा घालाव्या लागतात, हजारो रुपये जातात. त्यापेक्षा ऑनलाइन वॉकी-टॉकी मागवा, घरोघरी एकेक ठेवा आणि बोला. देवळातली आरतीसुद्धा त्यावरून सगळ्यांना ऐकवता येईल. कोणी पकडत नाही.

वादळात हॅम रेडिओ कामाला येतो एवढं यातलं खरं आहे, म्हणूनच बाकीचं लोकांना पटतं. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा आमची वीज गेली, मागोमाग मोबाइलही गेला. पलीकडच्या वाड्यावर म्हातारी माणसं कशी आहेत, हे कळायला पडलेली झाडं ओलांडत चालत जावं लागलं. त्या दिवसांची धास्ती मनात असलेला माणूस हा मेसेज पुढे पाठवणारच. पण त्यात दाखवलेली वाट चुकीची आहे.

मोर्सपासून सुरुवात करतो. भारतात हॅम लायसन्सच्या दोन पायऱ्या आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सची परीक्षाच नाही. मोर्स लागतो तो जनरलला, तोही मिनिटाला ८ शब्द, म्हणजे साधारण ४० अक्षरं. तबल्याचे बोल कानात बसतात तसा तो बसतो. मला काही महिने लागले, आणि शिकताना फार आनंद झाला. इंजिनिअर असण्याची अटही नाही. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेलं कुठलंही मूल परीक्षेला बसू शकतं. प्रश्न असतात ते ओहमच्या नियमाचे, रिसीव्हर-ट्रान्समीटर कसा चालतो याचे, आणि नियमांचे.

दिल्लीच्या खेपांचं तर काही खरं नाही. अर्ज सरल संचार या सरकारी पोर्टलवर भरायचा. परीक्षा केंद्र सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनांमार्फत होते, आणि असं एक स्टेशन गोव्यातही आहे. लायसन्सची फी २० वर्षांसाठी १,००० रुपये आणि आजीवन हवं असेल तर २,०००. एका बाबतीत मात्र मेसेज लिहिणाऱ्याचा वैताग मला कळतो. परीक्षा पास होणं वेगळं आणि लायसन्स हातात पडणं वेगळं. मधे सुरक्षा पडताळणी असते, तिला महिने लागतात. माझा अर्ज एका कार्यालयात इतका रखडला, की मी आशा सोडली होती. म्हणून तर वादळाच्या आदल्या आठवड्यात धावपळ न करता आत्ताच अर्ज करायला हवा.

आता मूळ मुद्दा: ‘सेट घ्या आणि बोला’. बोलणार कोणाशी? लायसन्ससोबत कॉलसाइन मिळते, व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारी, आणि हवेत तीच तुमची ओळख. लायसन्सधारक हॅमने दुसऱ्या लायसन्सधारक हॅमशीच बोलायचं असतं. कॉलसाइन न सांगणाऱ्या आवाजाला आमच्यातला कोणी उत्तर देत नाही. शिवाय हातातल्या सेटचा आवाज साधारण नजरेच्या रेषेत जातो. समुद्राकडे तो दूर पोचतो, पण सत्तरी तालुक्यात एका डोंगराआड गेलात की संपला. डोंगरापलीकडे जायचं तर ७ मेगाहर्ट्झसारखा शॉर्टवेव्ह बँड लागतो, आणि ती विद्या सेटच्या खोक्यात येत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. त्या स्वस्त सेटमध्ये बहुतेकदा १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ असा सलग पट्टा उघडा असतो. हॅमसाठी त्यातला फक्त १४४ ते १४६ चा तुकडा आहे. त्याच पट्ट्यात १५६.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे समुद्रावरचा चॅनल १६ आहे. बुडणारी होडी मदत मागते ती त्यावर. मालीम, कुटबण, खारीवाड्याहून ट्रॉलर समुद्रात जाणाऱ्या या राज्यात, अजाणतेपणी कोणी त्या चॅनलवर बटण दाबून गप्पा मारत बसला तर काय होईल, हे मच्छीमाराच्या घरी जाऊन विचारा. ‘कोणी पकडत नाही’ हेही खोटं. हवेत सोडलेल्या लहरीची दिशा काढता येते, आणि मॉनिटरिंग स्टेशनं त्याच कामासाठी आहेत.

आरतीचं म्हणाल तर लायसन्स असलं तरी ती ऐकवता येत नाही. हॅम बँडवर संगीत, प्रसारण, धंद्याची बोलणी, गुप्त सांकेतिक भाषा यांना मनाई आहे. काही जण इथे लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांचं नाव काढतात. १९५५ ते १९६१ त्यांनी जंगलातून चालवलेलं गुप्त रेडिओ केंद्र ही गोवा मुक्तिलढ्यातली थोर कामगिरी, पण ते एकतर्फी प्रसारण होतं. हॅम रेडिओ म्हणजे दोन्ही बाजूंनी होणारं बोलणं.

संकटात हे बोलणं किती मोलाचं ठरतं, ते डिसेंबर २००४ मध्ये दिसलं. भारती प्रसाद यांचं हॅम पथक रीतसर परवानगी घेऊन पोर्ट ब्लेअरला गेलं होतं. त्सुनामी आली, अंदमानचे फोन गेले, आणि त्यांच्या सेटवरून माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचू लागली. हे जमलं, कारण अँटेना आधीच उभी होती आणि ती हाताळणारी माणसं तयार होती.

लायसन्स मिळाल्यावरही काम राहतं. लॉग, म्हणजे कोणाशी कधी बोललो याची नोंद, लिहायचा, पत्ता बदलला तर कळवून नोंद करून घ्यायची, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करायचं. आपल्या खाऱ्या हवेत कनेक्टर वर्षभरात गंजतात, ते घासायचे. मेघगर्जना ऐकू आली की अँटेनाची वायर सेटपासून काढून ठेवायची.

घरोघरी सेट नकोतच. एका वाड्यावर दोन लायसन्सधारक आणि दोन माडांमध्ये ताणलेली २० मीटर तार, एवढं पुरे. माझी अभ्यासाची वही कोणालाही देतो. रविवारी संध्याकाळी पाच वाजता देवळाच्या मंडपात बसेन. सातवी-आठवीतल्या मुलींना जरूर पाठवा.