ड्रॅक्युला आणि व्लाड: एक खुलासा

‘लेखक ब्रॅम स्टोकरने रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात फिरून, क्रूर राजा व्लाडच्या आयुष्यावर ‘ड्रॅक्युला’ ही रक्तपिपासू सरदाराची कादंबरी लिहिली. उन्हात ड्रॅक्युला जळून मरतो’ असा मजकूर सध्या फिरतोय. त्यात बरंच चुकीचं आहे.

स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियात कधीच गेला नाही. 1890 च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात मुक्कामाला होता. तिथल्या वाचनालयात विल्यम विल्किन्सनचं वालेकियावरचं (आजच्या रोमानियातला प्रांत, व्लाडचं राज्य) 1820 चं पुस्तक त्याच्या हाती लागलं. त्यातल्या एका तळटीपेत ‘ड्रॅक्युला’ म्हणजे सैतान, असा अर्थ दिला होता. तोवर त्याच्या टिपणांत सरदाराचं नाव ‘काउंट वॅम्पायर’ होतं. ते खोडून त्याने हे नाव घेतलं. मला तर या कादंबरीच्या जन्मातला हाच सगळ्यात सुंदर क्षण वाटतो. 1897 च्या कादंबरीत ‘व्लाड’ हे नाव एकदाही येत नाही.

आणि ऊन? पुस्तकातला ड्रॅक्युला भरदिवसा लंडनच्या पिकॅडिलीत फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. शेवटी तो मरतो तो सुऱ्यांनी, आणि त्यातली एक चक्क गुरख्यांची कुकरी आहे! उन्हाने मरणं आलं 1922 च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटातून.