ब्रह्मोस आलं म्हणून गस्त संपत नाही

फिलिपिन्सबद्दलचा एक मजकूर सध्या मराठी ग्रुपांवर जोरात फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातले दोघे माझ्याच गावचे. मजकूर लांबलचक आहे, पण सांगणं एवढंच: भारताचं ब्रह्मोस मिळालं, आता फिलिपिन्सचा समुद्र सुरक्षित झाला आणि चिनी जहाजं तिकडे फिरकणार नाहीत. तटरक्षक दलाच्या पांढऱ्या बोटी चिनी जहाजांवरून होणारा पाण्याचा मारा नुसता खातात, त्यांच्याऐवजी युद्धनौका पाठवायला हव्या होत्या. अमेरिकेची भंगार जहाजं आणि जपानच्या कर्जातल्या बोटी म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. आणि अमेरिकेशी संरक्षण करार असताना एवढ्याशा देशाला स्वतःचं आरमार हवंच कशाला?

मी अकरा वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. जहाजावर निम्मी माणसं फिलिपिनो असायची. त्यातला एक बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, झाम्बालेस प्रांतातल्या मासिनलोकचा. त्याचे वडील आपल्या उलांडीच्या होडीसारख्याच, पण दोन्ही बाजूंना उलांड्या (तोल सांभाळणारी लाकडं) असलेल्या बांका नावाच्या होडीतून दक्षिण चीन समुद्रातल्या स्कारबरोच्या खडपावर मासेमारीला जायचे. मासिनलोकच्या लोकांचं पोट त्या खडपावर होतं. २०१२ मध्ये चीननं खडप ताब्यात घेतलं आणि ते बंद झालं. हे मी मेसमध्ये त्याच्या समोर बसून ऐकलंय, म्हणून हा मजकूर वाचून पुढे ढकलणं मला जमलं नाही.

आधी ब्रह्मोस. जानेवारी २०२२ मध्ये करार झाला, सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा, तीन बॅटऱ्यांचा, म्हणजे क्षेपणास्त्र डागणाऱ्या तीन संचांचा. पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये भारतीय हवाई दलाच्या सी-१७ विमानानं पोचली. क्षेपणास्त्राचा पल्ला २९० किलोमीटर, वेग आवाजाच्या जवळजवळ तिप्पट. स्कारबरो फिलिपिन्सच्या लुझॉन या मुख्य बेटाच्या किनाऱ्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवर आहे, म्हणजे पल्ल्यात येतं. मजकुरातला हा भाग खरा आहे. उद्या खरंच युद्ध पेटलं तर चिनी नौदलाला त्या किनाऱ्याजवळ येताना विचार करावा लागेल, आणि ते आपल्याकडच्या कारखान्यांत बनलेल्या शस्त्रामुळे, याचा मलाही अभिमान आहे.

पण 'फिरकणार नाहीत' हे कुठून आलं? पहिली खेप उतरली १९ एप्रिलला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १७ जून २०२४ ला, सेकंड थॉमस शोल या वादातल्या उथळ खडपापाशी चिनी तटरक्षक दलाची माणसं कुऱ्हाडी आणि सुरे घेऊन फिलिपिनो नौदलाच्या रबरी बोटींवर चालून आली. बोटी फोडल्या, सामान उचलून नेलं. त्या झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये चीनचं ५९०१ क्रमांकाचं तटरक्षक जहाज, सुमारे १६५ मीटर लांब आणि १२,००० टनांचं, झाम्बालेसच्या किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास येऊन फेऱ्या मारत राहिलं. ब्रह्मोस तेव्हा देशात होतं. कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसावर किंवा नुसत्या फेऱ्या मारणाऱ्या पांढऱ्या जहाजावर क्षेपणास्त्र सोडता येत नाही. सोडलं तर पहिली गोळी तुम्ही झाडली असं होतं, आणि समोरचा नेमकी त्याचीच वाट बघत असतो. चीनची सगळी रीत या उंबरठ्याच्या अलीकडे राहण्याची आहे: ढकलायचं, अडवायचं, पाणी मारायचं, पण तोफ डागायची नाही.

दुसरं असं की क्षेपणास्त्राला डोळे लागतात. किनाऱ्यावरचं रडार उंच डोंगरावर नसेल, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याला चाळीस-पन्नास किलोमीटरपलीकडचं जहाज सहसा दिसत नाही. दोनशे किलोमीटरवरचं लक्ष्य कुणीतरी शोधायचं, ते मासेमारीचं जहाज नाही ना याची खात्री करायची आणि त्याची जागा सतत कळवत राहायची. हे काम गस्तीची विमानं, ड्रोन आणि जहाजंच करतात. जपाननं नौदलाला पाच टीसी-९० विमानं दिली ती याच कामासाठी. 'क्षेपणास्त्र घ्या आणि गस्तीवरचा खर्च बंद करा' म्हणणं म्हणजे बंदूक घेऊन दुर्बीण विकून टाकणं.

आता युद्धनौका पाठवण्याचा सल्ला. हे फिलिपिन्सनं करून पाहिलंय. एप्रिल २०१२ मध्ये स्कारबरोत चिनी मच्छीमार बोटी सापडल्या, आत बेकायदा पकडलेले प्रचंड शिंपले. तपासणीला गेली होती नौदलाची सगळ्यात मोठी नौका, ग्रेगोरियो देल पिलार. चीननं उलट युद्धनौका आणली नाही. सागरी निगराणीची दोन बिनतोफेची जहाजं आणली आणि ती मध्ये उभी केली. झालं! मच्छीमारांवर नौदल पाठवणारा देश अशी फिलिपिन्सची प्रतिमा उभी राहिली. मनिलानं काही दिवसांतच नौका मागे घेऊन तटरक्षक दलाची बोट पाठवली, पण सूत्रं तोवर हातची गेली होती. जूनमध्ये वादळी हवामान आलं, फिलिपिन्सच्या बोटी परतल्या. चिनी बोटी राहिल्या. तेव्हापासून खडपाचा ताबा चीनकडे आहे. जुलै २०१६ मध्ये हेगच्या लवादानं फिलिपिनो मच्छीमारांच्या पारंपरिक हक्काच्या बाजूनं निकाल दिला, तरी तो बजावायला तिथं उभं राहणारं कुणी नव्हतं.

२०१२ च्या त्या जूनमध्ये गोळीबारात कुणी हरलं नाही. खराब हवेत तिथं टिकून राहील एवढी मोठी आणि एवढ्या संख्येनं जहाजं एकाकडे होती, दुसऱ्याकडे नव्हती. लहान देशाच्या सागरी बळाचा सगळा प्रश्न मला या एका गोष्टीत दिसतो: आज, उद्या, परवा, पावसात, तुमचं जहाज त्या जागी आहे का?

पाण्याचा मारा खाणाऱ्या बोटींची हेटाळणी वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. तेरेसा मागबानुआ हे तटरक्षक दलाचं ९७ मीटरचं जहाज, २०२२ मध्ये जपानहून आलेलं. एप्रिल २०२४ मध्ये ते सबिना शोल या आणखी एका वादातल्या खडपापाशी नांगर टाकून बसलं. तिथं चीन खडपावर भराव टाकायला सुरुवात करतोय अशी शंका होती. चिनी जहाजांनी त्याला वेढलं, रसद अडवली, ३१ ऑगस्टला धडका दिल्या. पाच महिने ते हललं नाही. शेवटी शेवटी जहाजावरची माणसं पावसाचं आणि एसीतून ठिबकणारं पाणी पीत होती आणि तांदळाच्या पेजेवर दिवस काढत होती. सप्टेंबरच्या मध्याला जहाज पोर्तो प्रिन्सेसा बंदरात परतलं तेव्हा चार जणांना स्ट्रेचरवरून उतरवावं लागलं.

ज्यानं जहाजावर पाण्याची टंचाई काढलेली नाही त्याला हे नुसतं वाक्य वाटेल. मालवाहू जहाजावर आम्ही मुख्य इंजिनच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करायचो. इंजिन चालू तर पाणी चालू. एकदा आमचा तो प्लांट बिघडला आणि नऊ दिवस माणशी एक बादली पाणी मिळालं, त्यात अंघोळ, कपडे, सगळं. पाचव्या दिवसापासून माणसं एकमेकांवर विनाकारण खेकसायला लागली. आणि आमच्याभोवती धडका मारायला कुणी नव्हतं, पुढचं बंदरही ठरलेलं होतं.

सबिनातून घ्यायचा धडा 'बोटी पाठवू नका' असा नाही. तेरेसा मागबानुआच्या तोलाचं दुसरं जहाज एकच होतं, मेल्चोरा अकिनो. एका जागी एक जहाज कायम ठेवायचं तर हाताशी तीन लागतात: एक जागेवर, एक दुरुस्तीला, एक जाण्याच्या तयारीत. हे समुद्रावर काम केलेल्या कुणालाही विचारा. मे २०२४ मध्ये फिलिपिन्सनं जपानशी अशाच आणखी पाच जहाजांसाठी कर्जाचा करार केला. मजकूर ज्याला उधळपट्टी म्हणतो ती ही.

जपानच्या कर्जाचा आणखी एक पैलू सांगायला हवा. फिलिपिन्सचं तटरक्षक दल १९९८ पर्यंत नौदलाचाच भाग होतं. मग ते वेगळं काढून वाहतूक खात्याखाली आणलं. जपानची विकास मदत लष्कराला देता येत नव्हती, नागरी दलाला देता येत होती. या वेगळेपणामुळेच २०१६ ते २०१८ या काळात ४४ मीटरच्या दहा बोटी मिळाल्या, सगळ्या एकाच नमुन्याच्या. इंजिनवाला माणूस म्हणून सांगतो, या दहाच्या आकड्यापेक्षा 'एकच नमुना' ही गोष्ट मोठी आहे. एका बोटीचा फ्युएल पंप दुसरीला बसतो. एक मेकॅनिक शिकला की दहा बोटी सांभाळतो. ५९०१ आलं तेव्हा त्याच्या अंगाला चिकटून राहिली ती यांतलीच एक, काब्रा. दीडशे मीटरच्या वर लांबीच्या जहाजासमोर चव्वेचाळीस मीटरची बोट, आणि रेडिओवर दर थोड्या वेळानं तेच: तुम्ही आमच्या आर्थिक क्षेत्रात (मासेमारी वगैरेचा हक्क आमचा असलेल्या समुद्रपट्ट्यात) आहात, निघून जा.

भंगाराच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. ग्रेगोरियो देल पिलार अमेरिकेच्या तटरक्षक दलातून निवृत्त झालेलं, १९६७ मध्ये सेवेत आलेलं जहाज. २०११ मध्ये ते आलं तेव्हा ध्वजनौका, म्हणजे नौदलाची प्रमुख नौका, झालं, कारण आधीची ध्वजनौका, राजा हुमाबोन, १९४३ सालची होती! दुसऱ्या महायुद्धातली नौका २०११ पर्यंत ध्वजनौका असलेल्या नौदलाला पन्नाशीच्या जवळचं जहाजसुद्धा पुढचं पाऊल होतं. खलाशांना मोठ्या जहाजावर दिवसचे दिवस समुद्रात राहायची सवय तिथंच लागली. त्यानंतर कोरियातल्या ह्युंदाईकडून कोऱ्या फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, आल्या: २०२० मध्ये होसे रिसाल, २०२१ मध्ये अंतोनियो लुना, २०२५ मध्ये मिगेल मालवार. जुन्या जहाजांवर तयार झालेल्या माणसांशिवाय या फ्रिगेटवर कुणाला चढवलं असतं?

खरा दोष दुसरीकडे आहे आणि मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. कोरियाच्या फ्रिगेट, जपानच्या आणि फ्रान्सच्या गस्तीनौका, इस्रायलच्या वेगवान हल्लाबोटी, इंडोनेशियाची सैन्यवाहू जहाजं, अमेरिकेची जुनी जहाजं. प्रत्येकाचे सुटे भाग वेगळे, मॅन्युअल वेगळी, प्रशिक्षण वेगळं. एक गॅस्केट, म्हणजे जोडातली गळती रोखणारी साधी चकती, यायला सहा आठवडे लागले की शंभर मीटरचं जहाज धक्क्याला बांधून पडतं. ज्याला टीकाच करायची आहे त्यानं इथं करावी.

आणि पैशाच्या सातत्यावर करावी. आधुनिकीकरणाचा पहिला कायदा १९९५ चा, पंधरा वर्षांचा. त्याच वर्षी चीननं फिलिपिन्स हक्क सांगत असलेल्या मिसचीफ रीफ या खडपावर बांधकाम केल्याचं उघड झालं होतं, तरी १९९७ च्या आशियाई मंदीनंतर पैसाच आला नाही. ती पंधरा वर्षं जवळपास वाया गेली. २०१२ च्या अखेरीस नवा कायदा झाला, तीन टप्प्यांचा, २०२८ पर्यंतचा. आज दिसतंय ते त्याचं फळ आहे. फ्रिगेट मागवली की हातात यायला तीन-चार वर्षं लागतात, आणि तिचा कप्तान तयार व्हायला पंधरा.

अमेरिकेच्या कराराबद्दल फार लिहायची गरज नाही. करार १९५१ चा आहे. १९९५ ला तो होता, मिसचीफ रीफ गेलं. २०१२ ला तो होता, स्कारबरो गेलं. करार सशस्त्र हल्ल्यासाठी आहे, आणि पाण्याचा मारा त्यात बसू नये याची काळजी पलीकडे नीट घेतली जाते.

शिवाय सात हजारांवर बेटांच्या देशात तटरक्षक दलाला चीन हे एकच काम नाही. २८ फेब्रुवारी २०२३ ला प्रिन्सेस एम्प्रेस हा टँकर मिंदोरो बेटाजवळ आठ लाख लिटर तेलासह बुडाला, आणि तिथल्या पोला गावाच्या किनाऱ्यावरची मासेमारी बंद पडली. वर्षाला वीसेक वादळं. बेटांमधल्या प्रवासी बोटी. यातल्या कशालाही ब्रह्मोस उपयोगी नाही.

हे सगळं आपल्याला अनोळखी वाटायचं कारण नाही. १६७९ मध्ये खांदेरीवर मराठ्यांनी तळ ठोकला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी मोठ्या जहाजांनी वेढा घातला होता. बेट टिकलं ते रात्री वेढ्यातून निसटून रसद पोचवणाऱ्या मायनाक भंडारींच्या लहान गलबतांमुळे. सेकंड थॉमस शोलवर १९९९ पासून रुतवून ठेवलेल्या सिएरा माद्रे या गंजक्या जहाजावरच्या मूठभर सैनिकांना तांदूळ आणि पाणी पोचवणारे फिलिपिनो खलाशी तेच काम करतात.

ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला भारताच्या तीन नौका दक्षिण चीन समुद्रात फिलिपिन्सच्या नौदलासोबत फिरल्या. त्यात आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस दिल्लीही होती. मजकुरासोबत फिरणारा एक फोटो त्या वेळचाच आहे. त्यानंतर आठवड्याभरानं, ११ ऑगस्टला, स्कारबरोजवळ चिनी तटरक्षक दलाचं ३१०४ क्रमांकाचं जहाज फिलिपिन्सच्या सुलुआन या बोटीचा पाठलाग करत होतं. सुलुआन त्या दहा जपानी बोटींपैकी एक. ती वळली, आणि ३१०४ समोरून आलेल्या चिनी नौदलाच्या विनाशिकेवर आदळलं. ३१०४ च्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, चुराडा झाला. सुलुआननं रेडिओवरून विचारलं, जखमींसाठी मदत हवी का?

सुलुआन त्या दिवशी तिथं गेली होती ती मच्छीमारांसाठी. बांका घेऊन अजूनही त्या खडपाजवळ जाणाऱ्या लोकांना डिझेल आणि सामान पोचवायच्या मोहिमेवर होती.