झोपताय कसले? जागे राहा, मोठे व्हा!

गेल्या गुरुवारी रात्री १२ वाजून २० मिनिटांनी माझा उशाशी ठेवलेला फोन थरथरला. डोळा नुकताच लागला होता, तो खाडकन उघडला. साहेबांचा मेसेज. 'जागा आहेस का?' या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर देता येत नाही हे ज्याला कळलं, त्याला नोकरी कळली. 'हो सर' लिहिलं. काम काय? तर सकाळच्या सादरीकरणात तिसऱ्या पानावरचं शीर्षक निळं आहे, ते हिरवं करायचं. केलं, पाठवलं. 'छान. झोप आता,' असा हुकूमही आला. झोप म्हणजे जणू दिव्याचं बटण! मी अडीचपर्यंत छताकडे बघत पडलो.

त्या दोन तासांत मला साक्षात्कार झाला. चूक माझीच. मी अजून झोपतो! आयुष्यात पुढे जायचं असेल तर ही सवय मोडायलाच हवी, आणि त्यासाठी माझ्या अनुभवाचे चार शब्द तुमच्याही कामी यावेत.

फोन उशाशीच ठेवा. डोळ्यांत थेट प्रकाश गेला की मेंदूला वाटतं अजून दिवसच आहे, आणि रात्र झाल्याचा निरोप देणारं मेलाटोनिन तो रोखून धरतो. त्यात कोणाशी तरी दोन वाद घालून घ्या, म्हणजे छातीची धडधडही सोबतीला येते.

कॉफी संध्याकाळी उशिराच प्या. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अडेनोसिन साचत जातं आणि त्यानेच पापण्या जड होतात. कॉफीतलं कॅफिन काय करतं, तर त्या अडेनोसिनच्या खुर्चीवर स्वतः जाऊन बसतं. थकवा कुठेच जात नाही, फक्त दाराबाहेर ताटकळत उभा राहतो. प्यायलेल्यातलं निम्मं कॅफिन शरीराबाहेर जायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे संध्याकाळी ६ च्या कपातला अर्धा कप रात्री ११ वाजता तुमच्यासोबत अंथरुणात असतो. एवढी इमानी सोबत कोण देतं हल्ली?

आठवडाभर जागा आणि रविवारी दुपारपर्यंत लोळा. सोमवारची वाट लावायला एवढं पुरतं.

आता मुख्य गोष्ट. चारचौघांत सांगायला शिका, 'मला काय, चार तास पुरतात.' हे वाक्य कसं म्हणायचं ते आमच्या साहेबांकडून शिकावं. खुर्चीत जरा मागे रेलायचं, एक जांभई दाबायची आणि मग समोर आठ तास झोपणारा कोणी असेल तर त्याच्याकडे कणव आल्यासारखं बघायचं. शास्त्राचं म्हणाल, तर शास्त्राला काय कळतंय? २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धडधाकट माणसांना सलग १४ दिवस रोज ८, ६ किंवा ४ तासच झोपू दिलं आणि रोज त्यांच्या चाचण्या घेतल्या. ६ किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसागणिक ढासळत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसांच्या पंगतीला जाऊन बसली. खरी गंमत पुढे आहे. त्यांना विचारलं तर म्हणे, थोडी झोप येते, बाकी ठीक! म्हणजे झोप तुटली की डोकं चालेनासं होतं, आणि ते चालत नाहीये हे ओळखणारा भागही त्याच डोक्यात असतो! कोणाला कमी झोप खरोखरच पुरते, नाही असं नाही. पण अशी जनुकं घेऊन जन्मलेली माणसं फार म्हणजे फार थोडी, आणि ती सगळी नेमकी मॅनेजर होऊन आमच्याच मजल्यावर आली असतील यावर माझा विश्वास नाही. 'मला चार तास पुरतात' म्हणणाऱ्याला मी बैठकीत पाहिलंय. पावणेतीन वाजता, दुसऱ्याचं बोलणं चालू असताना, पेन हातात तसंच, डोळे अर्धे उघडे, मान हळूहळू पुढे, मग एक हिसका आणि लगेच, 'हं, मुद्दा कळला.' कसला मुद्दा? १७-१८ तास जागलेल्या माणसाचं लक्ष आणि हातांचा वेग रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा होतो, असं मोजून पाहिलेलं आहे. दारू पिऊन ऑफिसात आलो तर घरी पाठवतील. जागून आलो तर पाठ थोपटतात, 'किती मेहनती मुलगा!'

असो. सल्ला द्यायचा होता, नाही का.

तब्येतीची काळजी करू नका. २०१५ च्या एका प्रयोगात १६४ जणांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. ६ तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव ७ तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाला. सर्दी झाली की रजा मिळते. (आम्हाला घरून काम मिळतं.)

स्वभावही खुलतो. जागरणानंतर मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीती-संतापाचा भोंगा, जरा जरा गोष्टीला वाजू लागतो आणि त्याला आवरणारा पुढचा मेंदू ऐनवेळी गैरहजर असतो. घरच्यांना विचारा.

विक्रमाची हौस असेल तर मात्र उशीर झाला. रँडी गार्डनर नावाच्या १७ वर्षांच्या मुलाने डिसेंबर १९६३ ते जानेवारी १९६४ मध्ये सलग २६४ तास जागून दाखवलं होतं. पुढे गिनीजवाल्यांनी हा प्रकार धोक्याचा म्हणून विक्रम नोंदवणंच थांबवलं. माणसाने उंचावरून उड्या मारलेल्या त्यांना चालतात, जागलेलं चालत नाही. काहीतरी समजलं असेल त्यांना.

तर शुक्रवारी सकाळी काय झालं ते सांगायचं राहिलं. मी गेल्या वर्षीचीच फाइल पडद्यावर लावली. शीर्षक निळं, आकडे जुने, आणि समोर बाहेरून आलेले सहा पाहुणे. पाचव्या पानापर्यंत माझ्या ध्यानातही आलं नाही. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, 'लक्ष कुठे असतं तुझं?'

कुठे असणार? अंथरुणात राहिलं होतं, साहेब! रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, तेव्हा शरीर आपली डागडुजी करतं, आणि पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते. दिवसभर शिकलेलं ठाकठीक लावायला मेंदूला दोन्ही लागतात. तुम्ही पहिला भाग खाल्लात, गजराने दुसरा खाल्ला. एका शीर्षकाच्या रंगासाठी! तो रंग सकाळी ९ वाजता बदलला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं? दुसऱ्याच्या उशाशी रात्री १२ ला टकटक करायला लाज वाटत नाही, आणि वर 'झोप आता' म्हणायचं?

आणि तुम्ही, 'हो सर' लिहिणारे! तुम्ही म्हणजे मीच. कोणी बंदूक लावली होती? उत्तर नसतं दिलं तर त्यांना काय कळणार होतं? आपण उत्तर देतो म्हणून ते विचारतात. काल रात्री पावणेबाराला पुन्हा फोन थरथरला म्हणे. मी ऐकला नाही. तो स्वयंपाकघरात होता, मी झोपलो होतो.